झोपलेल्या माणसाला उठवू नये

शुभाचा फोन आला तेव्हा मी बंगळूरच्या माझ्या घराच्या दारात भाजीवाल्याशी हुज्जत घालत होते. मेथीची जुडी वरून हिरवीगार, आतून पिवळी, आणि त्याचं आपलं कन्नडात ‘फ्रेश इदे अम्मा’, ताजी आहे, चालूच. फोनवर परदेशातला नंबर दिसला म्हणजे श्री. माझा धाकटा भाऊ श्रीकांत आणि त्याची बायको शुभा गेली काही वर्षं मलेशिया-थायलंडच्या समुद्रात शिडाच्या बोटीवर राहत होते. किनारा जवळ येऊन रेंज मिळाली की त्याचा पहिला फोन मला, आणि पहिला प्रश्न ठरलेला, “अक्का, जे. पी. नगरात पाणी आलं का?” स्वतः चहूबाजूंनी पाण्यात बसून बहिणीच्या टँकरची चौकशी करायची, ही त्याची थट्टा. म्हणून मी हॅलोसुद्धा म्हटलं नाही. “आलं रे बाबा पाणी, पुढचं बोल,” म्हणाले. पलीकडून शुभाचा आवाज आला, “अक्का... श्री गेला.” आणि मी काही विचारायच्या आत, “त्यानं मला उठवलंच नाही हो.” भाजीवाला काहीतरी बोलत होता. मी ‘सरी, सरी’, बरं, बरं, म्हणत जुडी घेऊन आत आले आणि दार लावून घेतलं. त्या मेथीचं पुढं काय झालं, मला आठवत नाही.

आता दोन महिने होत आले. भेटायला येणारा जो तो एकच म्हणतो, “नशीबवान माणूस. आवडीच्या ठिकाणी मरण आलं, कुणाकडून सेवा करून घेतली नाही, कुणाला त्रास दिला नाही.” हे ऐकलं की माझ्या अंगाची आग होते. त्रास दिला नाही म्हणे! अहो, द्यायला हवा होता त्यानं त्रास. बायको चार हातांवर झोपली होती, तिला द्यायला काय हरकत होती? पण सांत्वनाला आलेल्या माणसाशी भांडायचं नसतं, म्हणून मी कॉफी करायला आत जाते. हा लेख म्हणजे, खरं सांगायचं तर, त्या सगळ्यांना न दिलेलं उत्तर आहे.

श्री इथलाच. अण्णा, म्हणजे आमचे वडील, निपाणीकडून बंगळूरला सरकारी कारखान्यात कामाला आले आणि आम्ही दोघं कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये वाढलो. घरात मराठी, अंगणात कन्नड. श्री इंजिनियर झाला, सरकारी संशोधन संस्थेत लागला, मधली काही वर्षं समुद्रकाठी बदली झाली. तिथं एका क्लबात तो शिडाची होडी हाकायला शिकला आणि बिघडला. परत बंगळूरला आला तो निवृत्तीची वाट बघतच. मूलबाळ नव्हतं. निवृत्त झाल्यावर लंगकावी बेटावर एका म्हाताऱ्या डच जोडप्याची जुनी बोट त्यानं विकत घेतली. मी कपाळावर हात मारून घेतला. “अरे, आपल्या सात पिढ्यांत कुणी पाण्यात पाय घातलेला नाही. तुला साधी आंघोळीची बादली रिकामी करायला अर्धा तास लागतो!” यावर तो हसला. शुभाला मी बाजूला घेऊन विचारलं, तुला तरी पटतंय का हे? ती म्हणाली, “अक्का, इथं राहिला तर तो सोसायटीचा सेक्रेटरी होईल. त्यापेक्षा समुद्र परवडला.” बोटीचं डच नाव आमच्या कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून ती शेवटपर्यंत नुसती ‘बोट’च राहिली. मी मात्र तिला शुभाची सवत म्हणायचे.

त्या सवतीच्या घरी मी एकदा जाऊन राहिले. मला वाटलं होतं, पांढरी शिडं, निळं पाणी, हातात शहाळं. कसलं काय! उठल्यापासून घरकाम. आंघोळ समुद्राच्या पाण्यानं, आणि अंगावरचं मीठ जायला वरून गोड्या पाण्याचा एक तांब्या, तोही घेताना श्री डोळे वटारून बघणार. फ्रिज ऊन असेल तेवढाच वेळ चालायचा. पुठ्ठ्याचं खोकं बोटीवर आणायचं नाही, कारण त्यात झुरळाची अंडी असतात. सगळा बाजार धक्क्यावरच पिशव्यांत ओतून घ्यायचा. कोंबडीची अंडी रोज उलटी करून ठेवायची म्हणजे टिकतात. दमट हवेनं कपड्यांना बुरशी, लोखंडाला गंज, पापड सादळलेले. तरी शुभानं डेकवर दोरी बांधून लसणाची माळ, सांडगे आणि श्रीच्या विजारी एका रांगेत वाळत घातलेल्या असायच्या. केळ्यांचा अख्खा घड मागच्या दांडीला टांगलेला, आणि केळी अशी द्वाड की सगळी एकाच दिवशी पिकणार. मग सकाळी शिकरण, दुपारी केळ्याच्या पुऱ्या, संध्याकाळी परत शिकरण. दोन-चार दिवसांआड श्री तोंडाला काच लावून पाण्यात उतरायचा आणि बोटीच्या पोटाला चिकटलेले शिंपले खरवडायचा. वर आला की अंगभर ओरखडे. मी म्हणायचे, हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौसेला इतकी मजुरी असते हे ठाऊक नव्हतं.

वीज कडाडायला लागली की या दोघांची एक गंमत होती. डोलकाठीवर वीज पडली तर बोटीवरची सगळी यंत्रं जळतात. म्हणून आभाळ दाटलं की फोन, कॉम्प्युटर, जे काही हाताला लागेल ते उचलून ओव्हनमध्ये ठेवून दार लावायचं. लोखंडी पेटीत विजेची बाधा होत नाही. शास्त्र चोख. पण मी आले म्हणून एकदा श्रीनं केकचा घाट घातला, आणि आदल्या वादळातला स्वतःचा फोन आत विसरून ओव्हन पेटवला! विमानाच्या भागांचे हिशेब मांडण्यात जन्म गेलेला हा माणूस, वितळलेला फोन चिमट्यात धरून उभा. शुभा म्हणाली, “बघा अक्का, विजेपासून वाचवला!” तो दिवसभर स्वतःशीच हसत होता. श्री म्हटलं की अजून मला तो तसाच दिसतो, चिमटा हातात आणि चष्म्यावर घाम.

मी असताना आम्ही एकदा लांबच्या बेटावर गेलो. दिवस-रात्र प्रवास. अशा वेळी एकानं सुकाणूपाशी जागायचं आणि दुसऱ्यानं खाली झोपायचं, पाळीपाळीनं. सुकाणू आपलं आपण चालतं, पण जहाजं, मासेमारांची जाळी, अचानक येणारी वादळी सर, यांवर नजर ठेवायला माणूस लागतोच. नियम एकच, आणि तो दोघांनी मिळून केलेला : शंका आली की खालच्याला उठवायचं. शुभा हा नियम अक्षरशः पाळायची. दूर दिवा दिसला, उठव श्रीला. ढग काळा वाटला, उठव. तो बिचारा कधी कुरकुरला नाही, चष्मा चाचपत वर यायचा, बघायचा, “ठीक आहे, चांगलं केलंस” म्हणून परत जायचा. पण त्याच्या पाळीत मात्र शुभाला एकदाही हाक गेली नाही. उलट तिची वेळ झाली तरी तो आणखी थोडा वेळ एकटाच बसायचा, मग चहा करायचा आणि मगच हळू हाक मारायचा. मी त्याला म्हटलं, “नियम तुला नाही वाटतं?” तर म्हणाला, “झोपू दे गं. दमलीये.” शुभा याला ‘माझे लाड’ म्हणायची. मलाही ते तेव्हा फार गोड वाटलं होतं.

तो गेला त्या दिवशी पहाटेपासून त्याची पाळी होती. शुभा रात्रभर जागून खाली जाऊन झोपली होती. पुढचं तिनं मला इथं आल्यावर सांगितलं, एका दमात नाही, तुकड्यातुकड्यानं, भाजी चिरता चिरता, कपड्यांच्या घड्या घालता घालता. “अक्का, मला जाग आली ती पोटभर झोप झाल्यामुळे. अंग कसं हलकं झालं होतं. आणि तिथंच मी धडपडत उठले. कारण इतकं झोपू दिलं नव्हतं त्यानं कधी... ऊन पार डोक्यावर आलं होतं.” वर गेली तर श्री सुकाणूपाशी बसलेला, मान एका बाजूला, अंगावरचा सुरक्षेचा पट्टा बोटीला अडकवलेला. हात गार पडलेला. नंतर तिथल्या डॉक्टरनं हृदय बंद पडल्याचं सांगितलं. तिनं एकटीनं बोट बंदराला लावली, सगळे सोपस्कार एकटीनं केले, अस्थी तिथंच समुद्रात सोडल्या. माझा मुलगा इथंच एचएसआर लेआउटला राहतो, त्यानं तिला विमानतळावरून आणलं. दारात उभी राहिली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही, इतकी ती वाळली होती आणि उन्हानं काळवंडली होती.

माझ्याकडे राहायला लागली, पण झोपेना. दुपारी म्हणू नका, रात्री म्हणू नका. पाठ टेकायची, की लगेच उठून बसायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या ती घेईना. “आणि मला जाग आलीच नाही तर?” म्हणायची. गुंगीत चालल्यासारखी घरातून फिरायची, दूध तापत ठेवून विसरायची. डोळ्यांखाली काळं झालेलं. एकदा जिन्यावर तोल जाऊन पडता पडता वाचली. मला धास्ती बसली, ही बाई अशानं जिवाला मुकणार. शेवटी एके दिवशी वालाच्या शेंगा सोलत बसलो असताना मी तिला स्पष्ट विचारलं, “शुभा, तुला नेमकं काय खातंय? झोपलेली होतीस हा काय गुन्हा आहे? तुझी झोपायची वेळच होती.”

तिनं शेंग खाली ठेवली. “त्याला वेळ होता, अक्का.”

“कशाला वेळ?”

“हाक मारायला. मी वर आले तेव्हा पुढचं शीड गुंडाळलेलं होतं. वारा मंद होता, गुंडाळायचं काही कारण नव्हतं. आणि आमची दिशा बदललेली होती. जवळच्या बंदराकडे बोट वळवून ठेवली होती त्यानं. पट्टासुद्धा... दिवसाउजेडी, शांत समुद्रात तो कधीच लावायचा नाही. म्हणजे कळलं होतं त्याला. दुखत असताना त्यानं हे सगळं केलं, मला उठल्यावर एकटीला बोट झेपावी म्हणून. आणि मी खाली, तीन पायऱ्या उतरलं की मी. मग हाक का नाही मारली? मारली आणि मला ऐकू आली नाही? तशी मी गाढ झोपले होते का? की त्याला वाटलं, हिला उठवून उपयोग काय, ही काय करणार?”

ती दोन प्रश्नांच्या कात्रीत सापडली होती, आणि दोन्ही उत्तरं तिचा जीव घेणारी. तिसरं उत्तर मला माहीत होतं. जगात फक्त मलाच माहीत होतं. पण ते सांगायचं म्हणजे माझ्या आईवडिलांच्या घराकडे बोट दाखवायचं.

अण्णांना रात्रपाळी असायची. सकाळी यायचे, न्याहारी करून झोपायचे, आणि मग घरावर जणू संचारबंदी लागायची. दोन खोल्यांचं क्वार्टर, जाणार कुठं? आई भांड्यांमध्ये फडकी घालून ठेवायची, आवाज होऊ नये म्हणून. शिट्टी होण्याआधी कुकर उतरवायचा. आम्ही भांडायचो तेसुद्धा खुणांनी, चिमटे काढून. दार वाजलं तर आई आधी ओठांवर बोट ठेवायची आणि मग कडी काढायची. ‘झोपलेल्या माणसाला उठवू नये, पाप लागतं,’ हे आमच्या घरातलं रामरक्षेइतकं पाठ झालेलं वाक्य. श्री लहान असताना एका दुपारी पेरूच्या झाडावरून पडला. मी शाळेतून आले तर हा मागच्या पायरीवर बसलेला, तोंड पांढरंफटक, एक हात दुसऱ्या हातात धरलेला. कोपराखाली हाड मोडलं होतं. आई रेशनच्या रांगेत गेलेली, घरात अण्णा एकटे झोपलेले. केव्हाचा बसला होता कुणास ठाऊक. मी रडायला लागले तर यानंच मला दटावलं, “श्श, अण्णा उठतील.” अण्णा आपले आपण उठेपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसलो. संध्याकाळी हाताला प्लास्टर घालून घरी आणल्यावर आईनं त्याची दृष्ट काढली आणि शेजारणीला कौतुकानं सांगितलं, “एवढं मोडलं हाड, पण पोरानं ब्र काढला नाही. बापाची झोप मोडली नाही.” किती शहाणं बाळ म्हणून क्वार्टर्सच्या सगळ्या ओळीत त्याचं नाव झालं. मोडलेला हात मांडीवर घेऊन तो इतका खूश दिसत होता!

हे सगळं मी शुभाला सांगितलं. सांगताना मला वाटत होतं की हिच्या मनावरचा धोंडा उतरेल. शेवटी म्हणाले, “तुझं ऐकणं कमी पडलं नाही, आणि त्याला तुझा भरवसा नव्हता असंही नाही. आमच्या घरानं त्याला हाक मारायलाच शिकवलं नव्हतं गं.”

शुभा रडली नाही. भडकली. इतक्या वर्षांत तिनं माझ्यासमोर कधी आवाज चढवला नव्हता. “शहाणं बाळ? मोडका हात घेऊन बसलेल्या पोराची दृष्ट काढली तुम्ही? अहो, रागवायला हवं होतं त्याला! कानफटात द्यायला हवी होती, का नाही उठवलंस म्हणून! मी उठले असते तर तो वाचला असता असं नाही म्हणत मी, डॉक्टर म्हणाले कठीणच होतं. पण हात धरला असता त्याचा. मी होते ना तिथं? लग्न कशाला केलं मग माझ्याशी, एकटंच मरायचं होतं तर? माझे लाड म्हणे... माझा हक्क घेतला त्यानं, अक्का. आणि तुम्ही सगळे म्हणता, त्रास दिला नाही!” सोललेले दाणे घरभर उडाले. ती आत गेली आणि दार लावून घेतलं. मी दाणे वेचत बसले. मेलेल्या आईबापांची बाजू मी घेतली नाही. उलट मलाच श्रीचा संताप आला. इतका शहाणा, इतका शिकलेला, आणि छातीत कळा येत असताना दोऱ्या ओढत बसला! गाढवा, एक हाक मारायची होती रे. नुसतं ‘शुभा’ म्हणायचं होतं.

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी जेवून आडवी झाले होते, डोळा लागला होता, तर कुणीतरी खांदा धरून हलवायला लागलं. मी दचकून उठले. “काय झालं गं? कोण आलंय?”

“कुणी नाही. काही झालं नाही,” शुभा म्हणाली. “मला एकटीला बसवेना. म्हणून उठवलं.”

वयाची सत्तरी आली, पण कारणाशिवाय मला झोपेतून उठवणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं. आधी मी चिडलेच. मग सरकून तिला जागा दिली. ती माझ्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली आणि म्हणाली, “जाग्या राहाल ना?” मी म्हटलं, जागी आहे. पाच-दहा मिनिटांत तिचा श्वास लांब झाला. ती बोटीवरून आल्यापासूनची तिची पहिली खरी झोप. मी भिंतीला टेकून बसून राहिले. रस्त्यावर स्कूटर, कुत्री, वरच्या मजल्यावर कुणाचं तरी ड्रिल, पण ती हलली नाही. मला मात्र कितीतरी वेळ त्या ड्रिलवाल्याला जाऊन ‘श्श’ म्हणावंसं वाटत होतं.

आता ती झोपते, बऱ्यापैकी झोपते. बोटीचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही, आणि मीही विचारत नाही. मध्येच म्हणते, जाऊन एकदा बुरशी तरी पुसून यायला हवी. गेली तर जाईल. मला आता काळजी वेगळीच आहे. परवा दुपारी शुभा झोपली होती आणि मी स्वयंपाकघरात उभी होते. एकदम डावा खांदा भरून आला, घाम फुटला, कट्ट्याचा आधार घ्यावा लागला. आणि त्या अवस्थेत मी काय केलं असेल? गॅस बंद केला. हातातली पळी आवाज न होऊ देता खाली ठेवली. पायातल्या चपला काढल्या, त्या वाजतात म्हणून. चोरपावलांनी बाहेर येऊन खुर्चीत बसले आणि मनाशी म्हटलं, थोडं थांबू, दमून झोपलीये बिचारी. श्रीचा चेहरा डोळ्यांसमोर आला तो तेव्हा. आम्ही एका पायरीवर बसलेली भावंडं. आवाज फुटेना, पाप करतेय असं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. तरी मी हाक मारली. पहिली हाक माझी मलाच ऐकू आली नाही. मग मात्र जिवाच्या आकांतानं ओरडले, “शुभा! ऊठ गं, ऊठ!”

ती धावत आली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पित्त आहे, बाकी काही नाही. मला इतकी लाज वाटली! रिक्षात बसल्यावर म्हटलं, “उगाच तुझी झोप मोडली.” शुभानं माझा हात घट्ट धरून ठेवला होता, तो तिनं घर येईपर्यंत सोडला नाही.